अपूर्णविरामाच्या अलीकडे

एका खरेदीपत्रापासून सुरुवात करू. डब्ल्यूथ्रीसीने २ मे २००१ रोजी एक्सएमएल स्कीमाची शिफारस जाहीर केली, तेव्हा कायदेपंडिताच्या कोरड्या भाषेत लिहिलेल्या दोन भागांच्या आधी शून्य क्रमांकाचा एक प्रसन्न भाग जोडलेला होता. त्याचे नाव प्रायमर आणि संपादक डेव्हिड फॉलसाइड. त्यातले खरेदीपत्र स्कीमाच्या जगात आपल्या अंकलिपीतल्या गणपतीच्या ‘ग’इतके रुळले आहे. मिल व्हॅलीत राहणाऱ्या ॲलिस स्मिथ यांच्याकडे माल पोचवायचा, बिल रॉबर्ट स्मिथ यांच्या नावे करायचे, तारीख २० ऑक्टोबर १९९९. माल म्हणजे गवत कापायचे एक यंत्र आणि बाळाची चाहूल घेणारे एक उपकरण. आणि मध्येच एक अजीजीची टीप, की अंगणातले गवत माजले आहे, तेव्हा जरा घाई करा. पहिल्या वाचनात आपल्याला इथे गवत, पत्ते आणि किमती एवढेच दिसते. पण हेच खरेदीपत्र तिसऱ्या प्रकरणात नेमस्पेसची वस्त्रे लेऊन पुन्हा समोर येते, आणि ज्याने कधी स्कीमा वाचणाऱ्या एखाद्या लायब्ररीत नावांचे बग निस्तरले आहेत, तो तिथे थबकतो. कारण त्या बगांच्या बहुतेक कुळांची बीजे या चिमुकल्या कागदावर, अगदी उघड्यावर, पेरलेली आहेत.

पहिला तपशील इतका बारीक आहे की नजर त्याच्यावरून सहज घसरते. स्कीमा लिहिणाऱ्याने आपल्या नेमस्पेससाठी ‘पीओ’ असा प्रिफिक्स योजला आहे. त्या स्कीमाला अनुसरून लिहिलेल्या खरेदीपत्रात मात्र त्याच नेमस्पेसचा प्रिफिक्स ‘एपीओ’ आहे. अपूर्णविरामाच्या, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेतल्या कोलनाच्या, अलीकडे एकच अक्षर जास्त. दोन्हीकडे ‘पीओ’ ठेवले असते तर कुणी हरकत घेतली नसती. उलट वाचणाऱ्याला ते सोपे वाटले असते आणि त्या सोपेपणातूनच तो कायमचा चुकीचा धडा शिकला असता, की प्रिफिक्स हेच नाव. हा फरक योगायोगाने राहून गेला असे मला वाटत नाही. शिकवणाऱ्याने मुद्दाम पाटावर एक खडा ठेवावा आणि मूल तो उचलते का पाहावे, तसे हे जास्तीचे अक्षर तिथे बसले आहे. जी लायब्ररी ‘पीओ’ आणि ‘एपीओ’ ही अक्षरे एकमेकांशी ताडून पाहते, ती या खरेदीपत्राच्या पहिल्याच टॅगला अडखळते आणि सांगते, असा एलिमेंट माझ्या माहितीत नाही.

प्रिफिक्स म्हणजे काय, हे समजावताना मला नेहमी जुन्या वाड्यातले एक संबोधन आठवते. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून घरातली बाई ‘इकडून’ म्हणत असे. “इकडून अजून जेवण व्हायचंय.” आता त्याच स्वयंपाकघरात तीन जावा बसल्या असतील, तर तिघींच्या तोंडचे ‘इकडून’ तीन वेगवेगळ्या पुरुषांकडे बोट दाखवते, आणि तरीही वाढताना कधी कुणाचे पान चुकत नाही, कारण ऐकणारी शब्दाबरोबर तो बोलणारीलाही ऐकत असते. प्रिफिक्सचे नेमके हेच आहे. तो स्वतः कुणाचेही नाव नाही, तो एक निर्देश आहे. तो कोणत्या एलिमेंटच्या छताखाली उच्चारला गेला हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही, आणि आतल्या एखाद्या एलिमेंटने तोच प्रिफिक्स नव्या पत्त्याला बांधला, तर तेवढ्या ओसरीपुरता त्याचा अर्थ बदलतो आणि ओसरी ओलांडली की पूर्ववत होतो. १४ जानेवारी १९९९ रोजी आलेल्या नेमस्पेसच्या शिफारशीत खरे नाव म्हणजे दोन वस्तूंची जोडी आहे : नेमस्पेसचा पूर्ण पत्ता आणि कोलनापलीकडचा शब्द. जेम्स क्लार्क यांनी त्याच वर्षी ही जोडी लिहायची एक रीत सुचवली. आधी महिरपी कंसात संपूर्ण पत्ता आणि त्याला चिकटून तो शब्द. प्रिफिक्सला तिथे जागाच नाही. पायथॉनमधल्या एलिमेंटट्रीने आणि एलएक्सएमएलने ती उचलली. दिसायला ओबडधोबड, पण मनात ठेवायला इतकी स्वच्छ, की पहिल्या कुळातल्या बगांची दुरुस्ती बहुधा एवढ्याच वाक्यात मावते : तुलना करण्याआधी प्रत्येक नावाला महिरपी कंसात बसवा.

मात्र ही जोडी ताडायची ती अक्षराला अक्षर लावून, यात कसलीही दयामाया नाही. पत्त्याच्या शेवटी मोठ्या लिपीत लिहिलेला ‘पीओ’ धाकट्या लिपीत लिहिला, तर ती दुसरी नेमस्पेस झाली. आपल्यासाठी यात एक खास गंमत आहे. एक्सएमएलमध्ये एलिमेंटचे नाव देवनागरीत ठेवता येते, पहिल्या आवृत्तीपासून, १९९८ पासून येते. तेव्हा कुणी हौसेने ‘वऱ्हाड’ नावाचा एलिमेंट केला, आणि त्यातला ऱ एका फाइलीत सबंध अक्षर म्हणून उतरला व दुसऱ्या फाइलीत र आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन तुकड्यांनी, तर डोळ्यांना दोन्ही वऱ्हाडे एकच दिसतील, आणि लायब्ररी मात्र म्हणेल की या दोन वराती वेगळ्या मांडवांत जायच्या आहेत. ती चुकलेली नसेल. नियम तसाच आहे.

आता पुन्हा खरेदीपत्राकडे वळू आणि त्यातल्या भावंडांकडे पाहू. वरचा ‘परचेसऑर्डर’ प्रिफिक्स लावून आला आहे. त्याच्या पोटातले ‘शिपटू’ आणि ‘बिलटू’ मात्र उघड्या डोक्याने, प्रिफिक्सवाचून, बसले आहेत. आणि त्यांच्याच पंगतीत, त्याच पाटांच्या ओळीत, ती गवताची टीप असलेला ‘कॉमेंट’ पुन्हा पगडी घालून : ‘एपीओ’, कोलन, कॉमेंट. सख्खी भावंडे, एका आईची, आणि एकाच्या डोक्यावर पगडी, इतरांच्या नाही. नवख्या वाचकाला ही छपाईची चूक वाटते. जाणकाराला इथे स्कीमाची सबंध कुलपरंपरा दिसते. ‘कॉमेंट’ हा स्कीमात अगदी वरच्या पातळीवर, अंगणात, जाहीरपणे घोषित केलेला आहे आणि ऑर्डरच्या व्याख्येत त्याचा केवळ हवाला दिला आहे. जाहीर घोषणा झालेले प्रत्येक नाव त्या स्कीमाच्या लक्ष्य नेमस्पेसचे होते. ‘शिपटू’चा जन्म मात्र ऑर्डरच्या व्याख्येच्या आत, माजघरात झाला, आणि माजघरात जन्मलेल्याने नेमस्पेसची पगडी घालायची की नाही, हे ठरवते स्कीमाच्या माथ्यावरचे ‘एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट’ हे एक अ‍ॅट्रिब्यूट, ज्याचे मूळचे, न लिहिता गृहीत धरलेले उत्तर आहे : नको. एका कोलनाच्या असण्या-नसण्यातून घराचा नकाशा कळावा, हे मला फार लोभस वाटते. ठसठशीत कुंकवावरून किंवा लुगड्याच्या काठावरून जुन्या बायका माणसाचे गाव ओळखत, त्या जातीचे हे वाचन आहे.

याच पंगतीत एका अत्यंत सोज्ज्वळ दिसणाऱ्या बगाचा उगम आहे. हे खरेदीपत्र हाताने लिहिणारा माणूस कंटाळतो, ‘एपीओ’ काढून टाकतो आणि वरच्या टॅगवर तीच नेमस्पेस डिफॉल्ट म्हणून जाहीर करतो. पाहायला कागद अधिक नीटस होतो. पण आता ‘शिपटू’सुद्धा नकळत त्या डिफॉल्टच्या छत्राखाली आला, त्याच्या डोक्यावर न दिसणारी पगडी चढली, आणि स्कीमाला तर तो उघड्या डोक्याचाच हवा होता. तपासणी नापास. तो माणूस लायब्ररीच्या कर्त्यांना लिहितो, की तुमच्यात बग आहे. आणि कर्त्यांपैकी एखादा दयाळू जीव एक ओळ वाढवतो : नेमस्पेसवाचून सापडला नाही, तर लक्ष्य नेमस्पेसमध्येही शोधून पाहा. सगळे खूश. पुढे तोच कागद दुसऱ्या, अधिक कडक लायब्ररीसमोर जातो आणि तिथे त्याची पाठवणी होते. अशा वेळी जी दुरुस्ती होते ती पाहण्यासारखी असते, कारण ती केवळ वजाबाकीची असते. ती दयाळू ओळ खोडायची. त्या जागी काहीही लिहायचे नाही. काल जे चालत होते ते आज नाकारले जाईल, लोक चार दिवस कुरकुरतील, आणि तरी दुरुस्ती तीच. माझ्या मते या सबंध क्षेत्रातल्या सर्वांत धीट दुरुस्त्या याच, कारण स्तुती मिळवायला इथे काहीच उरत नाही. आणि त्यांच्या सोबतीला एक चांगले लिहिलेले त्रुटीचे वाक्य असेल, जे त्या माणसाला नेमके सांगेल की ‘शिपटू’ नेमस्पेसवाचून अपेक्षित होता, तुम्ही तो नेमस्पेससह दिला आहे, तर मी त्या वाक्याला गद्याचा उत्तम नमुना म्हणेन.

पण ज्यासाठी हा सगळा प्रपंच मांडला, ती ओळ अजून पुढेच आहे. त्या स्कीमात ‘कॉमेंट’ची घोषणा करणारा एक छोटा टॅग आहे. त्यातले शब्द मोजले तर पाच : एलिमेंट, नेम, कॉमेंट, टाइप, स्ट्रिंग. पाचांपैकी एकाच्याही आधी कोलन नाही. मोरोपंतांच्या आर्येत यमकाची अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, कानाला सारखीच वाटतात, आणि दरवेळी पदच्छेद निराळा करावा लागतो. आपण त्या हौसेने सोडवायला बसतो. इथेही बोडके दिसणारे पाच शब्द आहेत, आणि सगळ्यांचा पदच्छेद सारखा नाही. पहिला, ‘एलिमेंट’, हा टॅगचा शब्द. त्याला डिफॉल्ट नेमस्पेस लागू होते, आणि या फाइलीत डिफॉल्ट म्हणून खुद्द स्कीमाचीच नेमस्पेस जाहीर केलेली असल्यामुळे तो स्कीमाच्या भाषेतला शब्द ठरतो. ‘नेम’ आणि ‘टाइप’ ही अ‍ॅट्रिब्यूटची नावे. बोडक्या अ‍ॅट्रिब्यूटला डिफॉल्ट कधीच लागू होत नाही, म्हणून ती कोणत्याही नेमस्पेसची नाहीत. ‘कॉमेंट’ हे नव्याने जन्माला येणारे नाव. त्याला डिफॉल्टशी काही देणेघेणे नाही, ते लक्ष्य नेमस्पेसच्या पदरात पडते, म्हणजे खरेदीपत्राच्या घरात. आणि शेवटचा ‘स्ट्रिंग’? तो कुणाचा तरी हवाला आहे, दुसरीकडे घोषित झालेल्या प्रकाराकडे केलेला निर्देश. बसला आहे अ‍ॅट्रिब्यूटच्या किमतीत, पण हवाला असल्यामुळे त्याला डिफॉल्ट लागू होते, टॅगला होते तशीच. पाच शब्द, तीन वेगवेगळे नियम, चार-साडेचार इंचांची ओळ. मी ही ओळ पहिल्यांदा अशी फोडून वाचली तेव्हा काही वेळ नुसता तिच्याकडे पाहत राहिलो होतो.

आणि या ओळीत ठेच लागलेल्या एका लायब्ररीची दुरुस्ती मी अजून मनात जपली आहे. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. पार्सरकडून घटना जशा घडतील तशा कळवणारी सॅक्स नावाची एक पद्धत आहे, डेव्हिड मेगिन्सन यांच्या पुढाकाराने घडलेली. तिच्या २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत नेमस्पेससपोर्ट नावाचा एक मदतनीस क्लास आहे. त्याचे वळण देखणे आहे : एलिमेंट उघडला की नवा संदर्भ वर रचायचा, त्यात नवे प्रिफिक्स नोंदवायचे, एलिमेंट मिटला की तो संदर्भ उतरवून ठेवायचा. त्यातल्या नाव फोडून देणाऱ्या मेथडला शेवटी एक होय-नाहीचा प्रश्न विचारावा लागतो : हे नाव अ‍ॅट्रिब्यूटचे आहे का? ‘होय’ म्हटले तर बोडक्या नावाला डिफॉल्ट लागत नाही, ‘नाही’ म्हटले तर लागते. आता त्या लायब्ररीच्या लेखकाने ‘टाइप’ची किंमत सोडवताना साहजिकच विचार केला, की हा शब्द तर अ‍ॅट्रिब्यूटमध्ये आहे, आणि उत्तर दिले ‘होय’. बोडका ‘स्ट्रिंग’ पोरका झाला. पण बहुतेक लोक आपापल्या स्कीमात प्रत्येक हवाल्याला सवयीने प्रिफिक्स लावतात, त्यामुळे हा पोरकेपणा कितीतरी काळ कुणाच्या नजरेला आला नाही; प्रायमरसारखी स्कीमाला डिफॉल्ट मानणारी फाइल समोर आली तेव्हाच तो उघडा पडला. दुरुस्ती केवढी? एका ‘होय’चा ‘नाही’. एक शब्द. पण त्या एका शब्दाआड केवढी जाण उभी आहे पाहा : अ‍ॅट्रिब्यूटचे नाव आणि अ‍ॅट्रिब्यूटमध्ये राहायला आलेले नाव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, भाडेकरूला घरमालकाचे आडनाव लागत नाही.

एवढ्याने पुरे झाले असते, पण प्रायमरच्या पुढच्या एका प्रकरणात तिमाही अहवालाचे उदाहरण आहे, आणि तिथे हाच खेळ उलटा फिरतो. अहवालाचा कागद डिफॉल्ट नेमस्पेस जाहीर करून ‘झिप’ असे बोडकेच लिहितो. त्याच्या स्कीमात मात्र अनन्यतेच्या अटींसाठी जो एक्सपाथ लिहिला आहे, त्यात ‘झिप’च्या आधी ‘आर’ आणि कोलन आवर्जून आहेत. कारण एक्सपाथच्या पहिल्या आवृत्तीत बोडका शब्द म्हणजे नेमस्पेसवाचूनचा शब्द. तिथे डिफॉल्टचे काही चालत नाही. त्याच एक्सपाथमध्ये अ‍ॅट्रिब्यूट मात्र बोडके. म्हणजे हवाल्याला डिफॉल्ट लागते हे शिकून जो विजयी मुद्रेने तोच नियम एक्सपाथलाही लावायला जाईल, त्याच्या हातून नवा बग जन्मतो. स्कीमा १.१ मध्ये, २०१२ साली, एक्सपाथसाठी स्वतंत्र डिफॉल्ट सांगायची सोय झाली. तोवर हा ‘आर’ लिहिणे हीच समज असल्याची खूण होती.

नेमस्पेस नसणे कसे लिहायचे, यावरूनही लायब्ररी घायाळ होतात. सॅक्स ते रिकाम्या स्ट्रिंगने दाखवते, डॉम ही दुसरी पद्धत त्याला ‘नल’ म्हणते, आणि दोहोंशी बोलणाऱ्या लायब्ररीत रिकामे आणि नाहीच या दोघांची गाठ पडली की ते एकमेकांना ओळखत नाहीत. उंबरठ्यावरच एका रूपात बदलून घ्यावे. याहून अधिक या बगात रस नाही.

रस आहे तो उशिरा झालेल्या वाचनात. प्रायमरमधल्या आंतरराष्ट्रीय खरेदीपत्रात माल केंब्रिजला जायचा आहे, म्हणून त्या ‘शिपटू’वर एक खूण आहे की हा पत्ता ‘आयपीओ’, कोलन, ‘यूकेॲड्रेस’ या प्रकारचा समजावा. ही खूण अ‍ॅट्रिब्यूटच्या किमतीत आहे. पार्सरच्या दृष्टीने ती काही अक्षरांची माळ, तिच्यातला प्रिफिक्स सोडवायची जबाबदारी त्याची नाही. सोडवायची ती स्कीमाच्या लायब्ररीने. आता घाईत लिहिलेली लायब्ररी ती माळ तशीच बाजूला ठेवते आणि सबंध कागद वाचून झाल्यावर, निवांतपणे, ‘आयपीओ’ म्हणजे कोण हे विचारायला निघते. तोवर ओसऱ्या मिटलेल्या असतात. संदर्भांची चळत एकेक करून उतरलेली असते. वाड्यात कुणी नाही, आणि हा रिकाम्या स्वयंपाकघरात उभा राहून विचारतो आहे, की दुपारी ‘इकडून’ म्हणजे कोण म्हटले होते. याहूनही लबाड प्रकार म्हणजे त्या लायब्ररीने संदर्भ जपून ठेवलेला असतो, पण जपला असतो तो चालू वहीचा पत्ता, वहीची नक्कल नव्हे; आणि त्या वहीत नंतरच्या एलिमेंटांनी खाडाखोड करून ठेवलेली असते. मग उत्तर मिळते, नुसते चुकीचे मिळते, आणि न मिळणाऱ्या उत्तरापेक्षा ते कितीतरी पटींनी महाग पडते.

याच्या दोन दुरुस्त्या संभवतात, आणि त्यांतली निवड करण्यात कारागिराची प्रकृती दिसते. एक म्हणजे नाव जिथे भेटले तिथेच त्याला महिरपी कंसात बसवून मोकळे व्हायचे, उधारी नाही. पण कधीकधी कोणती अक्षरे नाव आहेत हेच आधी कळत नाही, कारण ते कळायला प्रकार ठाऊक हवा आणि प्रकार पुढच्या पानावर आहे. अशा वेळी दुसरी : प्रत्येक एलिमेंटच्या संदर्भाला एक लहान, न बदलणारी चिठ्ठी करायची, तिच्यात फक्त या एलिमेंटने जाहीर केलेले प्रिफिक्स लिहायचे आणि बाकीसाठी वरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवायचे. एलिमेंट मिटला तरी ज्याने ती चिठ्ठी हाती धरली आहे त्याच्यासाठी ती जिवंत राहते, आणि तिच्यामागची आजोबा-पणजोबांपर्यंतची सगळी साखळीही. ज्या एलिमेंटने काहीच नवे जाहीर केले नाही त्याला वेगळी चिठ्ठीही लागत नाही, तो बापाचीच वापरतो. इतकी कमी कागदपत्रे आणि इतकी शाबूत स्मृती! मला ही दुसरी दुरुस्ती अधिक आवडते, हे लपवायचे कारण नाही.

सगळ्यात शेवटी एक सरडा. एखाद्या स्कीमाच्या फाइलीला लक्ष्य नेमस्पेसच नसेल आणि नेमस्पेस असलेल्या दुसऱ्या स्कीमाने तिला आपल्यात समाविष्ट केले, तर ती समाविष्ट करणाऱ्याची नेमस्पेस धारण करते. तिच्या आतले बोडके, बेवारस हवालेसुद्धा त्या नेमस्पेसचे होतात. जाणकार याला कॅमेलिअन इन्क्लूड म्हणतात. नुसत्या पत्त्याची एक अनाम फाइल घ्या. विक्रीच्या स्कीमाने ती घेतली की तिच्यातला ‘पत्ता’ विक्रीचा, पगाराच्या स्कीमाने घेतली की तोच पगाराचा. लायब्ररी मात्र हुशार असते, एकदा वाचलेली फाइल पुन्हा कशाला वाचायची म्हणून ती फाइलीच्या ठिकाणावरून ती लक्षात ठेवते. विक्री आधी आली. सरडा विक्रीच्या रंगाचा झाला आणि तसाच फडताळात गेला. मग पगार आला, आणि त्याच्या हाती विक्रीच्याच रंगाचा सरडा पडला. ‘पगाराचा पत्ता सापडत नाही.’ दोन्ही स्कीमा वेगवेगळ्या तपासल्या तर निर्दोष. एकत्र आल्या की बिघाड. आणि आणण्याचा क्रम बदलला की बिघाडही कूस बदलून दुसऱ्याच्या माथी जातो. याची दुरुस्ती म्हणजे फडताळाच्या किल्लीत फाइलीच्या ठिकाणाबरोबर धारण केलेली नेमस्पेसही घालणे. पुन्हा जोडीच! ज्या जोडीने एलिमेंटचे खरे नाव सिद्ध झाले होते, तीच जोडी आता सबंध फाइलीला लागू झाली, आणि नावाचा छोटा नियम घराएवढा मोठा होऊन समोर उभा राहिला.

पण सरड्याचा पुरा आनंद याच्याही एक पायरी पुढे आहे. ही दुरुस्ती करताना बहुतेकांचा तोल जातो : समाविष्ट करणाऱ्याकडून नेमस्पेस घ्यायची तर सगळेच घेऊ, असे म्हणून ते त्याचे ‘एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट’ही सरड्याला देऊन टाकतात. तसे नाही. माजघरातल्यांनी पगडी घालायची की नाही, हे ती घोषणा ज्या फाइलीत प्रत्यक्ष लिहिली आहे तिच्या माथ्यावरूनच ठरते, ती फाइल कुणाच्याही घरात नांदत असो. नाव सासरचे, सवय माहेरची. त्यामुळे बाकी सगळे एलिमेंट पगडीधारी असलेल्या कागदातही, सरड्यातून आलेल्या पत्त्यातल्या ओळी उघड्या डोक्याने येऊ शकतात, आणि ते अगदी योग्य असते. चांगल्या दुरुस्तीत हे वेगळेपण संहितेतच दिसते. पूर्वी ‘संदर्भ’ नावाचे एकच गाठोडे आत पाठवले जात होते, आता दोन वेगळ्या वस्तू पाठवल्या जातात : एक, धारण करायची नेमस्पेस, आणि दुसरी, ही फाइल स्वतः. गाठोडे सुटले आणि त्यातल्या दोन चिजा पहिल्यांदाच वेगवेगळ्या हातात आल्या, त्या क्षणी प्रोग्राम लिहिणाऱ्याला काय वाटले असेल याची कल्पना आपल्यातला प्रत्येक वाचक करू शकतो, कारण एखाद्या समासाचा विग्रह अचानक सुटला की आपल्यालाही तेच वाटते.

तेव्हा आता प्रायमरमधले ते नेमस्पेसवाले खरेदीपत्र उघडा. त्यातला ‘एपीओ’ जिथे जिथे आहे तिथून काढा, जाहीर करणाऱ्या टॅगमधूनही, आणि त्याच्या जागी ‘मी’ लिहा. देवनागरी ‘मी’ हा पूर्ण वैध प्रिफिक्स आहे. बाकी एक अक्षरही हलवू नका. आपण वापरत असलेल्या लायब्ररीला तो कागद द्या. उत्तर आधी होते तेच आले पाहिजे.